अपडेट करू नका

प्रेबन दारात उभा राहिला तेव्हा त्याच्या टोपीला, मिशीला आणि माझ्या नुकत्याच पुसलेल्या फरशीला स्प्रूस झाडाच्या सुया चिकटल्या होत्या. नोव्हेंबरात तो असाच असतो. नाताळाआधीच्या ॲडव्हेंटच्या पहिल्या रविवारच्या आत एल्मबेकच्या दफनभूमीतल्या कबरींवर हिरव्या फांद्यांचं पांघरूण घालून झालं पाहिजे, म्हणून महिनाभर तो माणूस कमी आणि झाड जास्त दिसतो.

"मेरेत, तुझी यादी चुकलीय," तो म्हणाला.

"माझी यादी चुकत नाही. बूट काढ आधी."

तो बूट न काढताच आत आला. काहीतरी बिघडलंय हे मला तिथेच कळायला हवं होतं.

मी ऑक्टोबरात इथे, चर्चच्या कचेरीत लागले. त्याआधी उमेदीची सगळी वर्षं डुकरांच्या कत्तलखान्यात हिशेब लिहिण्यात गेली. कत्तलखाना पोलंडला गेला, मी मागे राहिले. इकडे तीन गावांच्या चर्चच्या कचेऱ्या दोन वर्षांपूर्वी एकत्र केल्या होत्या आणि तिन्हींच्या फाइली एका कॉम्प्युटरात कोंबून सगळ्यांनी हात झटकले होते. जुनी कारकूनबाई निवृत्त झाली, खुर्ची बरेच महिने रिकामी राहिली, आणि मग त्या गोंधळाला शिस्त लावायला मला घेतलं. कत्तलखान्यात मेलेल्यांचा हिशेब चोख असायचा. चर्चमध्ये तो त्याहून चोख असणार असं मी धरून चालले होते.

प्रेबननं कागद माझ्यापुढे ठेवला आणि एका ओळीवर डिंकानं काळं झालेलं बोट टेकवलं.

"हे बघ. पूर्वेची रांग, भिंतीजवळ. इंगर बुंडगोर, लहान मुलाची कबर. फांद्या आणि वर सुक्या शंकूफळांची माळ. मागणी तिच्या आईची, आस्ताची. फांद्या घेऊन गेलो. कबर नाही तिथे."

"नाही म्हणजे? कबर काय फिरायला गेली?"

"मीच उठवली ना ऑगस्टात. उठवायच्या यादीत होती, म्हणून उठवली." त्यानं टोपी काढली. "मग फांद्यांच्या यादीत कशी?"

आमच्याकडे कबर मुदतीनं मिळते. मुदत संपली आणि घरच्यांनी वाढवली नाही, की प्रेबन दगड उचलतो, माती सपाट करतो, खाली जे आहे ते तसंच राहतं आणि जागा पुढच्याला जाते. त्यात कुणाला काही वाटत नाही. जागा सगळ्यांनाच लागते. मुदतवाढीची फाइल वेगळी, आणि तिच्यावरून आपोआप भरणारी उठवायच्या कबरींची फाइल वेगळी. फांद्यांची यादी मी नवीन केली होती, थेट मुदतवाढीच्या फाइलीवरून. उठवायची यादी मात्र माझ्या आधी, वसंतात, चर्चच्या समितीचे अध्यक्ष फ्लेमिंग यांनी छापून प्रेबनच्या हातात दिली होती.

मी मुदतवाढीची फाइल उघडून आस्ताचं नाव शोधलं. सापडलं. तिनं मुदत गेल्या वर्षी वाढवलेली होती, पुढच्या दहा वर्षांसाठी. मग मी जागेचा नंबर शोधला. एकाच जागेसमोर दोन नावं होती. वर आस्ताची ओळ, आणि पार तळाला नव्यानं भरलेली दुसरी.

"हेल्गे राउन कोण?" मी विचारलं.

"ट्रक चालवायचा. सप्टेंबरात गेला. त्याचा रक्षाकलश तिथेच ठेवलाय." प्रेबन थांबला. "मीच ठेवला. त्याच्या बायकोनं हेदरचं झुडूप लावलंय वर. छान आलंय."

मी उठवायच्या कबरींची फाइल उघडली. उघडताच तिनं चौकट दाखवली: या फाइलीत दुसऱ्या फाइलींचे दुवे आहेत, अपडेट करू? खाली दोन बटणं. आणि स्क्रीनच्या कडेला, इतके दिवस माझ्या नजरेसमोर, जुन्या कारकूनबाईच्या टपोऱ्या अक्षरात एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती. 'नेहमी "अपडेट करू नका" दाबा. नाहीतर फार वेळ लागतो.'

मी "अपडेट करा" दाबलं. कॉम्प्युटर घुटमळला आणि त्यानं इशारा दिला: काही दुवे अपडेट होऊ शकले नाहीत. मी दुव्यांची यादी उघडली. दुवा एकच होता, मुदतवाढीच्या फाइलीचा, पण त्यापुढे जो पत्ता होता तो जुन्या कचेरीतल्या कॉम्प्युटरचा. तो कॉम्प्युटर कधीच भंगारात गेला होता. स्थिती तपासायचं बटण दाबलं, तर उत्तर आलं: मूळ फाइल सापडत नाही.

"मला समजेल असं सांग," प्रेबन म्हणाला.

"समज, तुझ्याकडे थर्मामीटर नाही. तू रोज शेजाऱ्याला विचारून मला तापमान सांगतोस. शेजारी घर सोडून गेला. तरी तू रोज सकाळी येतोस आणि त्यानं शेवटच्या दिवशी सांगितलेलंच मला सांगतोस."

"मी असं कशाला करीन?"

"तू नाही करणार. ही करते." मी स्क्रीनवर टिचकी मारली. "तीन कचेऱ्या एकत्र केल्या तेव्हा मूळ फाइल नव्या जागी आली. हिला ते कुणी सांगितलं नाही. हिच्यात आजची तारीख रोज बदलते, पण मुदतीची तारीख दोन वर्षांपूर्वीच गोठली. म्हणजे त्यानंतर ज्यांनी मुदत वाढवली, ते सगळे हिच्या लेखी संपलेले."

"मग ते लाल का नाही होत? चुकलं की लाल होतं ना?"

"चुकलं की लाल होतं. शिळं झालं तर नाही होत. शिळं अगदी ताज्यासारखं दिसतं."

कत्तलखान्यात हे असं झालं असतं, तर मी आरडाओरडा करून अख्खा मजला गोळा केला असता. इथे ओरडायची सोय नाही, आणि ज्यांच्यासाठी ओरडायचं ते भिंतीपलीकडे मातीत होते. मी फाइलीची एक प्रत काढून बाजूला ठेवली, मूळ जागा बदलायचं बटण दाबलं आणि नवी फाइल दाखवून दिली. क्षणभर काही झालं नाही. मग मधल्या रकान्यातल्या मूठभर ओळींवर जिथे 'संपली' होतं, तिथे 'चालू' आलं. इतकं मुकाट्यानं आलं की पापणी लवली असती तर दिसलं नसतं.

मी एकेक नाव वाचत गेले. प्रेबन एकेकाचं सांगत गेला. या दोघांपर्यंत पाठदुखीमुळे तो पोचलाच नव्हता, त्यांचे दगड जागेवर होते. त्या तिघांचे दगड शेडमागे टेकवून ठेवलेले होते, ते उद्याच परत बसवता येतील, फक्त घरच्यांना तोंड दाखवावं लागेल. मग इंगरचं नाव आलं.

"दगड?" मी विचारलं.

"ऑक्टोबरात क्रशर येऊन गेला. लहान दगड आधी घातले."

"आणि खडी?"

तो खिडकीबाहेर बघू लागला. पार्किंगपासून कचेरीपर्यंतची नवी वाट तिथून दिसते, पांढुरकी, स्वच्छ.

"तू रोज सकाळी त्यावरूनच सायकल आणतेस," तो म्हणाला.

आम्ही डेन्मार्कच्या या टोकाची, पश्चिम जटलंडची माणसं, वाईट बातमी आली की आधी कॉफी करतो. मी कॉफी केली. ती दोघांनीही प्यायली नाही.

"पिवळी पाटी लावली होती तीन महिने," प्रेबन मग आपणहून बोलू लागला. "घरच्यांनी कचेरीशी बोलावं म्हणून. पण आस्ता आता फ्योर्डच्या खाडीपलीकडच्या वृद्धाश्रमात असते. वर्षातून एकदाच येते, ॲडव्हेंटला. पत्रही गेलं असेल, पण..."

"जुन्या घरी गेलं. पत्ताही त्या मेलेल्या दुव्यातूनच आला होता."

"तिला काय हवं होतं, माहितीय तुला? दरवर्षी यायची, काठी मातीत रोवायची आणि म्हणायची, प्रेबन, इथे मी. पोरीच्या पायाशी. खोल खण हं, मला थंडी फार वाजते." त्यानं मिशीवरून हात फिरवला. "नवरा मच्छीमार होता, तो बुडाला, सापडलाच नाही. दुसरं मूल नाही. मुदत वाढवायची ती त्या एका जागेसाठी. एकदम साधी गोष्ट मागत होती गं ती."

जाताना त्यानं दारातून मान वळवली. "दगडावर चिनीमातीचं कबूतर होतं. ते ठेवलंय मी. फुटलं नव्हतं, टाकवेना."

फ्लेमिंग दुपारी आले. विमा कंपनीत जन्म घालवलेला, नीटनेटका, सगळ्यांना हवाहवासा वाटणारा माणूस. समितीत कुणी अध्यक्ष व्हायला तयार नसताना यांनी मान डोलावली होती, हेही खरं. मी स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली आणि सगळं दाखवलं. त्यांच्या मानेवर लाल चट्टे उमटले.

"ते विचारत होतं, ते मला आठवतं," ते म्हणाले. "पण मेरेत, हल्ली सगळंच विचारतं. कुकीज हव्यात का, अपडेट हवं का, आमच्या सेवेबद्दल मत देता का. मी नाही म्हणतो. आणि तिथे तर चिठ्ठीच होती."

"एकदाही हो दाबून बघितलं नाही?"

"एकदा दाबलं. कसलातरी इशारा आला. मला वाटलं, मी काहीतरी मोडलं. बंद केलं आणि पुन्हा नाही दाबलं."

मला त्यांचा राग आला आणि त्याच वेळी तो कुठे ठेवावा ते कळेना. चिठ्ठी लिहिणाऱ्या बाईनं वेळ वाचवला होता. यांनी चिठ्ठी पाळली होती. प्रेबननं यादी पाळली होती. सगळे कसे गुणी.

"मी आत्ता आस्ताला फोन करते," मी म्हणाले.

"फोनवर? नव्वदीच्या बाईला?" त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "ॲडव्हेंटला ती येईलच. समोर बसवून सांगू. मी सांगतो. माझ्या तोंडून ऐकायचा तिचा हक्क आहे."

हे बरोबर वाटलं. मी फोन खाली ठेवला.

"हेल्गेचा कलश दुसरीकडे हलवता येईल का?" त्यांनी थोड्या वेळानं विचारलं.

"परवानगी लागेल. त्याआधी त्याच्या बायकोला सांगावं लागेल की तिचा नवरा एका तान्ह्या मुलीच्या जागी झोपलाय."

"नको, नको," ते म्हणाले, आणि मफलर विसरून निघून गेले.

ॲडव्हेंटच्या रविवारी मी लवकर आले. सायकल फाटकाबाहेरच लावली आणि गवतावरून चालत आले. त्या वाटेवर पाय ठेवणं मी त्या दिवसापासूनच सोडलं होतं. रात्रभर हिम पडलं होतं, प्रेबनच्या फांद्या त्याखाली हिरव्यागार दिसत होत्या, कडा कशा सुरीनं कापल्यासारख्या. मी भिंतीजवळच्या रांगेत आले आणि थबकले.

हेल्गे राउनच्या हेदरशेजारी, गावच्या बेकरच्या जुन्या कबरीच्या अलीकडे, एक रिकामी जागा होती. काल रिकामी होती. आज तिच्यावर स्प्रूसच्या फांद्या होत्या, वेड्यावाकड्या, कशाही टाकलेल्या, देठं बाहेर आलेली. वर शंकूंची माळ. आणि माळेच्या मधोमध पांढरं कबूतर.

प्रेबननं असल्या फांद्या जन्मात लावल्या नसत्या. मी वळले, तर चर्चच्या दारात फ्लेमिंग उभे. मी तिथे गेले. त्यांच्या हातमोज्यांना सुया चिकटल्या होत्या.

"हे काय केलंत?"

"हळू बोल. लोक यायला लागलेत."

"सांगणार होता ना तुम्ही?"

"सांगून काय मिळणार आहे तिला?" त्यांचे डोळे लाल होते, झोप झालेली नव्हती. "आणखी किती वर्षं आहेत तिला? एक? दोन? दोन हात तर सरकलंय. नवा छोटा दगड मी माझ्याकडून आणतो. तिला तिचं ॲडव्हेंट मिळेल. तिची वेळ आली की तिला इथेच ठेवू. कुणाचं काय बिघडतं?"

खरं सांगते, एक क्षण मलाही ते पटलं. मी दारात दमून उभी होते, थंडी हाडात शिरत होती, आणि गप्प बसणं फार सोपं होतं. काहीच दाबायचं नव्हतं. मूळ जागा नाहीशी झालेली आणि वर जुनंच चित्र तसंच ठेवलेलं. पिवळी चिठ्ठी मी काढून टाकली होती, आणि हे गृहस्थ आता स्वतःच चिठ्ठी होऊन माझ्यासमोर उभे होते.

टॅक्सी फाटकाशी थांबली.

आस्ता बुंडगोर लहानशी होती, ओझ्यासारखा मोठा निळा कोट घातलेली. चाकांचा वॉकर हिमात रुतत होता आणि ती त्याला शिव्या घालत होती. प्रेबननं तिला हात दिला. त्यानं माझ्याकडे एकदाच बघितलं आणि मला कळलं की त्यानंही त्या वेड्यावाकड्या फांद्या पाहिल्यात.

"ही कोण?" तिनं विचारलं.

"मेरेत. कचेरीत आलीय नवीन."

"बरं झालं. जुनी फार घाईत असायची. चल पोरी, धर मला. या म्हाताऱ्याच्या मिशा टोचतात."

आम्ही रांगेतून गेलो. तिनं वाटेत सगळ्यांना नावानं हाका मारल्या, मेलेल्यांना. बेकरच्या कबरीला म्हणाली, तुझे बन कायम कच्चे असायचे. मग ती फांद्यांपुढे थांबली.

"हे कुणी लावलं?" तिनं विचारलं.

फ्लेमिंग आमच्या मागे येऊन उभे राहिले होते. ते म्हणाले, "रांगा जरा नीट केल्या आम्ही, आस्ता. थोडंसं सरकलंय."

"कबर सरकत नसते." ती वॉकर सोडून अर्धं पाऊल पुढे झाली. "आणि कबूतर फ्योर्डकडे बघायचं. नवऱ्यानं तसं बसवून घेतलं होतं. हे भिंतीकडे बघतंय."

चर्चची घंटा वाजायला लागली.

"पोरी," ती माझ्याकडे न वळता म्हणाली, "तिला पुरलं तेव्हा मी इथे नव्हते. त्या काळी आईला नेत नसत. मी खाटेवर होते, छातीला फडकी बांधून, दूध आटायला. नवरा आणि खड्डेवाला दोघंच गेले पेटी घेऊन. मी तिची पेटी पाहिली नाही. मला दाखवली ती फक्त जागा. आयुष्यभर मी ती जागाच पाहत आले. तर आता तू मला सांग, माझी जागा कुठाय?"

मी सांगितलं. हेदरकडे बोट दाखवलं आणि सगळं सांगितलं. दगडाचं, क्रशरचं आणि वाटेवरच्या खडीचंसुद्धा, कारण कुणीतरी तिला कधीतरी तिथून चालवलंच असतं. फ्लेमिंगनी एकदा मध्ये तोंड उघडलं. प्रेबननं त्यांचा दंड धरला.

"पण मी मुदत वाढवली होती," आस्ता म्हणाली. रागानं नाही. समजून घेत असल्यासारखी.

"हो. ते आहे लिहिलेलं. एका फाइलीत आहे. दुसरीला ते कळलंच नाही."

"दुसरी कुठे असते?"

"त्याच कॉम्प्युटरात."

"एकाच घरात राहून बोलत नव्हत्या?"

"दुवा तुटला होता."

"आणि कुणाला विचारावंसं वाटलं नाही?"

"फाइल विचारत होती. दरवेळी उघडली की विचारायची. इथे नाही म्हणायची सवय होती."

ती पुन्हा फांद्यांकडे वळली. वाकली, एका हातानं वॉकर धरून दुसऱ्या हातानं कबूतर उचललं, त्यावरचं हिम कोटाला पुसलं आणि पिशवीत टाकलं. मग हेदरसमोर जाऊन उभी राहिली.

"हा कसा होता?"

"हेल्गे? चांगला होता," प्रेबन म्हणाला. "ट्रकमधून पोरांना गोळ्या वाटायचा."

"त्याच्या बायकोला कळू देऊ नका. तिची झोप जाईल."

"आस्ता," फ्लेमिंग म्हणाले. ते रडत होते, उघड, टोपी हातात धरून. "चूक माझी आहे. तुम्ही म्हणाल ती जागा देतो. दगड देतो. तुम्ही फक्त सांगा."

तिनं त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. त्यांच्या हातमोज्यांवरच्या सुयांकडेही.

"या फांद्या तुम्ही लावल्यात? हातानं?"

"हो."

"फारच वाईट लावल्यात," ती म्हणाली. "प्रेबन, टॅक्सीवाल्याला हाक मार. प्रार्थनेला नाही थांबत मी. कॉफी पण नको."

फाटकाशी तिनं माझा हात सोडला. मी माफी मागितली. ती म्हणाली, तू कशाला मागतेस, तू तर आत्ता आलीस. मग टॅक्सीत बसता बसता म्हणाली, "तरी मागितलीस, बरं केलंस. मला मात्र आता कुणाला माफ करायला वेळ नाही गं." दार लागलं आणि टॅक्सी गेली.

फ्लेमिंगनी त्याच आठवड्यात अध्यक्षपद सोडलं. बाकीच्यांच्या घरी आम्ही दोघं मिळून गेलो, एकेका दारात उभे राहिलो, आणि त्यांनी दरवेळी आधी स्वतःचं नाव घेतलं. हे मला त्यांच्या बाजूनं लिहायलाच हवं. शेडमागचे दगड परत बसले.

फेब्रुवारीत आस्ताचा कलश आला. सोबत वृद्धाश्रमाचा कागद, तिच्या सहीचा. तिला कुठलीही कबर नको होती. अनामिकांचं हिरवळीचं मैदान, बस. तिथे दगड नसतो, नाव नसतं, नंबर नसतो. माणूस नक्की कुठे आहे हे नातेवाइकांनाही सांगत नाहीत. कागदाच्या खाली तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं: 'माझी कुठेही नोंद नको. नोंदच नसली की मला कुणी उठवणार नाही.' मी ते वाचलं आणि टेबलाशी बसून रडले. कत्तलखान्यातल्या इतक्या वर्षांत मी एकदाही रडले नव्हते.

कलशाबरोबर फडक्यात गुंडाळलेलं कबूतर होतं. मैदानात काही ठेवायला परवानगी नाही. प्रेबननं ते उचलून कोटाच्या खिशात घातलं, कलश काखेत घेतला, कुदळ घेतली.

"जमीन गोठलीय," मी म्हणाले.

"खोल खणायचंय," तो म्हणाला.

अनामिकांचं मैदान मोठं आहे, आणि त्याची एक कड भिंतीजवळच्या रांगेला लागून जाते, मध्ये फक्त एक बुटकं कुंपण. खिडकीतून ते सगळं दिसतं. मी पडदा ओढून घेतला आणि त्याची पावलं कुठल्या दिशेला गेली ते बघितलं नाही. तो दुपारी उशिरा परतला, हात लालभडक झालेले, खिसा सपाट. मी त्याला कॉफी दिली. त्यानं ती संपवली आणि काही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

मग मी राहिलेलं काम केलं. एका जागेसमोर दोन नावं ठेवता येत नाहीत, म्हणून मुदतवाढीच्या फाइलीतली आस्ताची ओळ मी काढून टाकली. त्याबरोबर उठवायच्या यादीत, इंगरच्या नावापुढे, पहिल्यांदाच चूक दिसली: संदर्भ सापडत नाही. आता फाइल उघडताना ती विचारते तेव्हा आम्ही हो म्हणतो, आणि ती ओळ दरवेळी तशीच येते. ती कशी काढायची ते मला येतं. मी ती काढलेली नाही.